ताटावर हात आडवा कोण धरतो?
(सेरोटोनिन आणि आपली भूक)

द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र

पंगतीत बसलेल्या माणसाचे पोट भरले की तो ताटावर हात आडवा धरतो. वाढणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी तो हात हलत नाही. गंमत अशी की, याच आपल्या भाषेत जेवणावर 'आडवा हात मारणे' असाही एक वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ अगदी उलटा, म्हणजे भरपूर जेवणे, असा होतो. हात तोच; पण काही वेळापूर्वी जो हात भराभर घास उचलीत होता तोच आता 'पुरे' म्हणतो. हा बदल नेमका कोण घडवून आणतो? 'मीच ठरवतो' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु चार घास आधी किंवा चार घास नंतर न थांबता आपण नेमके तेथेच का थांबलो, याचे उत्तर आपल्यापैकी कोणालाच देता येत नाही. ते उत्तर शोधण्याचा अल्पसा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मेंदूतील रसायनांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मानसशास्त्राच्या अभ्यासात 'प्रेरणा' हे प्रकरण येते आणि त्यात भुकेचे उदाहरण सर्वांत आधी येते. शिवाय ज्या घरांत जेवणाची वेळ ही रोजची काळजी असते त्या घरांतून आम्ही अनेकजण या महाविद्यालयात आलो आहोत. भुकेचे शास्त्र आम्हांला परके वाटण्याचे कारण नाही.

आपल्या बोलीने या शास्त्राची अर्धी वाट आधीच चालून ठेवली आहे. आपण 'भूक लागली' म्हणतो, 'अन्नावरची वासना उडाली' म्हणतो आणि 'पोट भरले' असेही म्हणतो. भूक म्हणजे शरीराची गरज, वासना म्हणजे खाण्याची इच्छा आणि तृप्ती म्हणजे ती इच्छा शमणे. या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. तापाने फणफणलेल्या माणसाला अन्नाची गरज असते, पण वासना नसते. लग्नघरी पोट भरलेल्या माणसाला गरज नसते, तरी बासुंदी पाहून इच्छा होते. सेरोटोनिन या रसायनाचा संबंध मुख्यतः तिसऱ्या गोष्टीशी, म्हणजे तृप्तीशी आहे.

सेरोटोनिनचा शोध

या द्रव्याचा पहिला माग मेंदूत नव्हे, तर आतड्यात लागला. १९३० नंतरच्या दशकात व्हित्तोरिओ एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञाने आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य वेगळे केले. ते स्नायूंना आकुंचित करीत असे. त्याने त्याला 'एन्टेरामिन' असे नाव दिले. पुढे १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी रक्तातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य मिळवले व त्याला 'सेरोटोनिन' म्हटले. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे नंतर सिद्ध झाले. १९५३ मध्ये बेट्टी ट्वारॉग आणि पेज यांनी हेच द्रव्य सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असते असे दाखवून दिले.

मेंदूत सापडले, पण तेथे ते करते काय? या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट आपल्या मुंबईवरून गेली आहे, हे वाचून मला स्वतःला फार आनंद झाला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडील वैद्य पूर्वापार निद्रानाशावर आणि उन्मादावर देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून 'रिसर्पिन' हे द्रव्य वेगळे केले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, रिसर्पिन दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो आणि प्राणी सुस्तावतो. रिसर्पिन इतरही द्रव्यांचे साठे रिते करते हे पुढे कळले. परंतु मेंदूतील रसायनाचा साठा आणि प्राण्याचे वागणे यांचा संबंध असतो, हा विचार येथून पक्का झाला.

भुकेची जागा कोठे?

दुसरा धागाही एका भारतीय शास्त्रज्ञाच्या हातून आला. डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत उंदरांवर प्रयोग केले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, म्हणजे अधश्चेतक, नावाचा एक लहानसा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंकडील भागाला इजा केली तर उंदीर समोर अन्न असतानाही खाणे सोडतो, असे त्यांना १९५१ साली दिसून आले. अधश्चेतकाच्या मधल्या भागाला इजा झाली तर उंदीर खातच सुटतो आणि लठ्ठ होतो, हे त्याआधीच ठाऊक होते. पुढे डॉ. आनंद दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आले आणि तेथेही त्यांनी हे संशोधन चालू ठेवले.

त्या काळी 'भुकेचे केंद्र' आणि 'तृप्तीचे केंद्र' अशी सुटसुटीत विभागणी केली जाई. आज ती इतकी सरळ मानली जात नाही. मेंदूत भुकेचे एक बटण आणि तृप्तीचे दुसरे बटण असे काही नाही. अनेक भागांत पसरलेले आणि एकमेकांशी बोलणारे पेशींचे जाळे आहे. पण या जाळ्याचा मुख्य गुंता अधश्चेतकात आहे, हे डॉ. आनंदांच्या पिढीने दाखवले ते आजही खरे आहे.

निरोप कसा पोचतो?

आता सेरोटोनिन आणि अधश्चेतक यांची गाठ घालू. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत असा अंदाज आहे. त्यांपैकी सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख. मेंदूच्या देठात, मध्यरेषेलगत, 'राफे' नावाचे पुंजके आहेत; या पेशी तेथे राहतात. पण त्यांचे तंतू लांबवर, जवळजवळ सगळ्या मेंदूत गेलेले असतात. गावात तारमास्तर एकच असावा आणि त्याच्या तारा घराघरांत जाव्यात, तसा हा प्रकार आहे.

दोन चेतापेशी एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. मध्ये सूक्ष्म फट असते. पहिली पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते. दुसऱ्या पेशीवर ते ओळखणारे ग्राही असतात. कुलूप व किल्ली यांची उपमा येथे नेहमी दिली जाते. फरक इतकाच की, किल्ली एक असली तरी कुलपे अनेक आहेत. सेरोटोनिनच्या ग्राहींची ७ घराणी असून त्यांत एकूण १४ प्रकार मोजले जातात. म्हणूनच एकच द्रव्य कोठे झोपेवर, कोठे उलटीवर, तर कोठे भुकेवर परिणाम करते.

भुकेच्या बाबतीत दोन कुलपे महत्त्वाची आहेत. अधश्चेतकाच्या एका पुंजक्यात दोन विरोधी पेशीगट शेजारी शेजारी नांदतात. एक गट 'खा' असे सांगतो, दुसरा 'पुरे' असे सांगतो. 'पुरे' सांगणाऱ्या गटावर सेरोटोनिनचे '२-सी' ग्राही असतात. ते उघडले की हा गट जागा होतो. 'खा' सांगणाऱ्या गटावर '१-बी' ग्राही असतात. ते उघडले की तो गट गप्प होतो. म्हणजे सेरोटोनिन एकाच वेळी दोन कामे करते: एकाला बोलके करते आणि दुसऱ्याला मुके. परिणाम मात्र एकच, घास थांबतो.

हे नुसते तर्क नाहीत. १९७६ साली उंदरांच्या मेंदूतील सेरोटोनिनची निर्मिती औषधाने रोखली असता ते अधिक खाऊ लागले. त्यानंतरच्या वर्षी ब्रिटनमधील जॉन ब्लंडेल यांनी सेरोटोनिनचा तृप्तीशी संबंध असावा असा विचार मांडला. १९९५ मध्ये लॉरेन्स टेकॉट व सहकाऱ्यांनी '२-सी' ग्राही नसलेले उंदीर तयार केले. ते अधिक खात आणि लठ्ठ होत. २००२ मध्ये लोरा हाइस्लर व सहकाऱ्यांनी 'पुरे' सांगणाऱ्या पेशीगटापर्यंतची ही वाट स्पष्ट केली.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. सेरोटोनिन हा एकटाच निरोप्या नव्हे. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन (शोध १९९४) साठा किती आहे ते कळवते. जठरातून येणारे घ्रेलिन (शोध १९९९) भूक चेतवते. नेहमीच्या जेवणवेळेला ते वाढते आणि जेवण मिळाले नाही तरी काही वेळाने उतरते. 'वेळ टळली की भूक मरते' असे आपली वडीलधारी माणसे म्हणतात, त्यामागे हेही एक कारण असावे. सेरोटोनिन या सगळ्यांबरोबर काम करते. ते जेवण सुरू करण्यापेक्षा जेवण आटोपते घेण्याकडे अधिक लक्ष देते.

आतड्यातील साठा आणि भाकरीचा संबंध

आपल्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन मेंदूत नसतेच. ते आतड्यात असते. अन्न आतड्यात उतरले की तेथील विशिष्ट पेशी सेरोटोनिन सोडतात. त्याने आतड्याची हालचाल चालते आणि 'व्हेगस' नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला वर्दीही जाते. अन्न नासके वा विषारी असेल तर हीच वर्दी मळमळ व उलटी होऊन बाहेर पडते. उलटी थांबवण्यासाठी डॉक्टर ओन्डॅन्सेट्रॉन देतात ते याच वर्दीचा एक ग्राही अडवण्यासाठी.

मात्र आतड्यातील सेरोटोनिन स्वतः मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चोख पहारा आहे; तो त्याला आत सोडत नाही. केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून केळी खाऊन मन प्रसन्न होते, असे सांगितले जाते. ते याच कारणाने टिकत नाही. मेंदूला आपले सेरोटोनिन आपणच बनवावे लागते आणि त्यासाठी ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल लागते. ते शरीर तयार करू शकत नाही. अन्नातील प्रथिनांतूनच मिळवावे लागते. दूध, अंडी, मासे, डाळी, शेंगदाणे यांत ते असते.

मग प्रथिने खाल्ली की मेंदूत सेरोटोनिन वाढत असेल, असे आपल्याला वाटेल. पण घडते वेगळेच. मेंदूच्या दारातून आत जाण्यासाठी ट्रिप्टोफॅनला ल्यूसिनसारख्या इतर ॲमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, आणि प्रथिनांत ती ट्रिप्टोफॅनपेक्षा कितीतरी अधिक असतात. सकाळच्या एस. टी.त शिरताना दारात जी रेटारेटी होते तिची येथे आठवण येते. याउलट, केवळ पिष्टमय पदार्थ खाल्ले तर रक्तात इन्शुलिन वाढते. ते इतर ॲमिनो आम्लांना स्नायूंकडे वळवते, दारातली गर्दी कमी होते आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७१ साली उंदरांमध्ये हे दाखवले.

परंतु यावरून 'भात खा, आनंदी राहा' असा निष्कर्ष काढू नये. जेवणात थोडेसे प्रथिन असले तरी हा परिणाम पुसट होतो. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिन नाममात्र असते, पण आपण त्यात शेंगदाण्याचे कूट घालतोच. भाकरीबरोबर पिठले असते, भाताबरोबर वरण. आपले साधे जेवण असे मिश्र आहे, आणि शरीराच्या वाढीसाठी ते तसेच असावे.

औषधांचा धडा

सेरोटोनिन 'पुरे' म्हणते हे कळल्यावर ते वाढवून लठ्ठपणा घालवावा, हा विचार येणे स्वाभाविक होते. फेनफ्लुरामिन हे तशा प्रकारचे औषध. त्याने भूक खरोखर कमी होई. पण हृदयाच्या झडपांवरही सेरोटोनिनचे ग्राही असतात. झडपा बिघडल्याचे दिसल्यावर १९९७ साली अमेरिकेत हे औषध लठ्ठपणाच्या उपचारातून मागे घेण्यात आले. सिब्यूट्रामिनमुळे हृदयविकाराचा धोका वाढत असल्याचे आढळले; ते युरोप-अमेरिकेत २०१० मध्ये मागे घेतले गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. पुढे केवळ '२-सी' ग्राही उघडणारे लोर्केसेरिन अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले. कर्करोगाच्या शंकेवरून २०२० मध्ये तेही मागे घेण्यात आले. ज्या निरोप्याची घरे सगळ्या शरीरात आहेत त्याला एकाच घरी थांबवून ठेवणे किती अवघड आहे, हे यावरून दिसते.

ही झाली भूक कमी करण्याची औषधे. आपल्या भागात मात्र मागणी उलट्या औषधाला आहे. 'पोर जेवत नाही, अंगाला लागत नाही, काहीतरी द्या' असे सांगून औषधाच्या दुकानातून भूक लागण्याच्या गोळ्या वा पातळ औषध आणले जाते. त्यांत पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन असते. हे मूळचे ॲलर्जीवरचे औषध. १९६२ साली दम्याच्या मुलांना ते दिले असता त्यांची भूक व वजन वाढलेले आढळले. कारण असे की, ते हिस्टामिनचे ग्राही अडवते तसेच सेरोटोनिनचेही अडवते. म्हणजे ही गोळी भूक 'निर्माण' करीत नाही. ती 'पुरे' म्हणणारा आवाज दाबते. ताटावर आडवा धरलेला हात ती बाजूला सारते. हिस्टामिन अडवल्यामुळे झोप येते, आणि औषध थांबवले की वाढलेली भूक बहुधा ओसरते. काही आजारांत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात, याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो न विचारता घेण्याचा.

हे मी आमच्याच घरात पाहिले आहे. माझी आई दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत मजुरीला जाते. छाटणी आणि डिपिंगच्या दिवसांत ती पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर येते. धाकटी बहीण जेवत नाही म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने अशा गोळ्या आणल्या; दुकानात वयही विचारले गेले नाही. बहीण जेवू लागली हे खरे. ती शाळेत दप्तरावर डोके ठेवून झोपू लागली हेही खरे. पण पीठ तेवढेच होते. बहिणीच्या ताटात जी भाकरी वाढली ती आईच्या ताटातून कमी झाली. पुढे सरकारी दवाखान्यात दाखवले तेव्हा बहिणीच्या अंगात रक्त कमी असल्याचे निघाले. लोहाच्या गोळ्या व जंताचे औषध मिळाले आणि काही आठवड्यांत तिची वासना आपोआप परत आली.

या प्रसंगाने मला पाठ्यपुस्तकातील दोन ओळींचा अर्थ कळला. भूक मंदावणे हा पुष्कळदा रोग नसून निरोप असतो. रक्तक्षय, जंत, जुना ताप, क्षय, मनावरचे ओझे अशा कितीतरी कारणांनी मेंदूला 'पुरे'चा निरोप वेळेआधी जातो. गोळीने तो निरोप बंद पाडला तर कारण तसेच राहते, फक्त आपल्याला कळेनासे होते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न आहे. तेथील मुलांना अधिक भूक लागावी ही गरज नाही. अधिक सकस अन्न मिळावे ही गरज आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना कामावर सुकडी मिळत असे. त्या वेळच्या माणसांना भूक लागत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. त्यांना खायला हवे होते.

आपण काय घ्यावे?

सेरोटोनिनविषयी बोलताना दोन टोकांचे बोलणे टाळले पाहिजे. 'सेरोटोनिन कमी म्हणून माणूस उदास' किंवा 'सेरोटोनिन कमी म्हणून लठ्ठ' अशी सोपी समीकरणे आजचे अभ्यासक मान्य करीत नाहीत. दुसरीकडे, 'खादाड आहे', 'नखरे करतो', 'मनावर ताबा नाही' असे म्हणून सारा दोष माणसाच्या स्वभावावर टाकणे हेही शास्त्राला धरून नाही. जो अधिक खातो आणि जो खाऊ शकत नाही, त्या दोघांच्याही मेंदूत काही निरोप लवकर, तर काही उशिरा पोचत असतात. वसतिगृहाच्या खाणावळीत एखादा मित्र चार दिवस ताट तसेच टाकून उठत असेल, तर त्याची थट्टा करण्याऐवजी त्याला काय झाले आहे हे विचारणे अधिक बरे.

आणि घरी मूल जेवत नसेल तर आधी त्याचे रक्त तपासावे, जंताचे औषध दिले आहे का ते पाहावे. १० फेब्रुवारीच्या सुमारास राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा व अंगणवाड्यांतून ते मोफत मिळते. ही मोहीम २०१५ पासून सुरू आहे. भूक वाढवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. आपल्यापैकी जे घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढले आहेत, त्यांना औषधाच्या वेष्टनावरचे नाव वाचता येते. या सुट्टीत घरी गेल्यावर फडताळातील अशी बाटली काढून तिच्यावर काय लिहिले आहे ते आईला वाचून दाखवावे, इतके जरी झाले तरी हा लेख लिहिण्याचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.